ब्रेकरच्या डायलला हात लावण्याआधी

मे महिन्यात उज्जैनच्या मक्सी रोडवरच्या पोहा मिलमध्ये भट्टीतून निघालेली साळ गरम असतानाच दाबायची असते, आणि नेमका त्याच वेळी चक्कीचा ब्रेकर ट्रिप होतो. पुन्हा चालू केला की पंधरा-वीस मिनिटे चालतो, परत ट्रिप. भट्टीवरचा माल वाया जाईल या धास्तीने कुणीतरी पॅनेलचे दार उघडतो, ब्रेकरच्या तोंडावरच्या लहानशा गोल खाचेत पेचकस घालतो आणि ०.८ वरचा बाण १ वर नेतो. चक्की चालू राहते. संध्याकाळपर्यंत सगळे ती गोष्ट विसरून जातात, पण बाण पुढची कित्येक वर्षे १ वरच राहतो.

हा लेख मुख्यतः त्या एका कृतीसाठी आहे. विक्रम उद्योगपुरीत येणाऱ्या मोठ्या कारखान्यांकडे देखभालीची स्वतंत्र माणसे असतात. मक्सी रोड किंवा देवास रोडवरच्या नागझिरीतल्या छोट्या कारखान्यात मात्र भट्टी, मोटर आणि पॅनेल बहुधा एकाच माणसाच्या अंगावर असते, आणि माल अडला की निर्णय मालक घेतो. म्हणून हे मालकांनीही वाचावे. पॅनेलचे काम परवानाधारक वायरमन किंवा विद्युत ठेकेदारच करील, तसा नियमच आहे. पण त्याने काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, हे मालकाला कळत असेल तर त्याच्यावर चुकीची घाई लादली जात नाही.

आधी डायलचा अर्थ पाहू. कारखान्यात फीडरवर जो मोल्डेड केस ब्रेकर असतो, म्हणजे एमसीसीबी, त्यात दोन वेगळे पहारेकरी असतात. एक द्विधातूची पट्टी. करंट प्रमाणाबाहेर राहिला की ती तापून वाकते आणि ब्रेकर पाडते, पण तिला वेळ लागतो. दुसरे चुंबक. ते शॉर्टसर्किटच्या प्रचंड करंटवर क्षणात काम करते. ज्या डायलला हात लागतो तो बहुधा पट्टीचा, ‘आय-आर’ लिहिलेला. आणि पट्टीचे पहिले काम मोटर वाचवणे नाही, केबल वाचवणे आहे. मोटरसाठी स्टार्टरमध्ये वेगळा ओव्हरलोड रिले असतो.

आता आकडे घेऊ. ३० अश्वशक्तीची, म्हणजे २२ किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण ४० अँपियर घेते. समजा तिच्यापर्यंत जाणारी केबल, ती जशी टाकली आहे त्या परिस्थितीत, ५५ अँपियर पेलते. ब्रेकर ६३ अँपियरचा, डायल ०.८ वर, म्हणजे ५० अँपियर. मोटरच्या ४० च्या वर आणि केबलच्या ५५ च्या खाली, हीच योग्य जागा. या वर्गाच्या ब्रेकरसाठी मानक असे सांगते की लावलेल्या करंटच्या १.०५ पटीवर तो तासभर पडू नये आणि १.३ पटीवर तासाभरात पडलाच पाहिजे. म्हणजे ५० ला लावलेला ब्रेकरसुद्धा ६५ अँपियर काही काळ जाऊ देतो. डायल १ वर नेला की तीच मर्यादा ८२ वर जाते. ५५ अँपियरच्या केबलमधून जवळजवळ तासभर ८० अँपियर वाहिले तरी ब्रेकर काही म्हणणार नाही. इन्सुलेशन आतून कडक होत जाते, एका पावसाळ्यात तडकते, आणि मग ‘अचानक’ आग लागते.

म्हणून ब्रेकर ट्रिप झाला की पहिले काम डायलचे नाही, क्लॅम्प मीटरचे. तिन्ही फेजचे करंट मोजा आणि मोटरच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. तिन्ही सारखेच वाढलेले असतील तर चक्कीवर भार जास्त आहे, बेअरिंग अडकते आहे किंवा व्होल्टेज खाली आहे. एकच फेज वेगळी दिसत असेल तर व्होल्टेज मोजा. व्होल्टेजमधला थोडासा असमतोल मोटरच्या करंटमध्ये सहा ते दहा पट होऊन दिसतो. आणि करंट तर ठीकच आहे, तरी ब्रेकर पडतो, असे निघाले तर गुन्हेगार बहुतेक वेळा टर्मिनल असते.

हे टर्मिनल जवळून पाहण्यासारखे असते. लग आणि ब्रेकरच्या जोडावर काळपट झाक, पिवळ्या फेजच्या स्लीव्हचा रंग तपकिरी, स्लीव्ह बोटाने दाबली तर मऊ न लागता कुरकुरीत, आणि दार उघडताच जळक्या प्लास्टिकचा मंद वास. ढिल्या जोडाची उष्णता तांब्यातून थेट ब्रेकरच्या आत जाते, पट्टी आधीच तापलेली राहते आणि ४० अँपियरवरसुद्धा वाकते. अशा ठिकाणी डायल वाढवला तर ट्रिप होणे थांबते आणि जोड जळत राहतो.

तिसरे कारण आपल्या हवामानाचे. थर्मल ब्रेकर ठरावीक तापमानाला जुळवलेला असतो, साधारण ४० अंश सेल्सियसला, काही कंपन्यांचा ५० ला. हे कंपनीच्या पत्रकात लिहिलेले असते. उज्जैनच्या मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर असतो. वर पत्र्याचे छप्पर आणि भिंतीपलीकडे भट्टी असेल तर बंद पॅनेलच्या आत ५५ अंश सहज होतात. ४० अंशांना जुळवलेला ६३ चा ब्रेकर तिथे ६३ पेलणार नाही. यावर उपाय पॅनेल भट्टीपासून दूर नेणे, गाळणीसह पंखा बसवणे, किंवा भार खरोखर वाढला असेल तर केबल आणि ब्रेकर दोन्ही एकदम बदलणे. नुसता ब्रेकर मोठा करणे हा उपाय नव्हे.

स्टार-डेल्टा स्टार्टरमधल्या रिलेबद्दल इथेच सांगितले पाहिजे, कारण ही चूक फार पसरलेली आहे. रिले मोटरच्या वाइंडिंगच्या मार्गात जोडलेला असेल तर त्यातून पूर्ण करंट जात नाही, ०.५८ पट जातो. ४० अँपियरच्या मोटरला तो २३ वर लावायचा. पाटीवर ४० वाचून रिलेही ४० वर लावला की मोटरला प्रत्यक्षात ६९ अँपियरचे संरक्षण मिळते, म्हणजे काहीच मिळत नाही. मोटर जळते आणि दोष वितरण कंपनीच्या व्होल्टेजला जातो. रिले कुठे जोडला आहे हे आधी पाहा, मग सेटिंग करा.

ब्रेकरला हात लावायची वेळ आलीच तर क्रम सोडू नका. जिवाचा प्रश्न इथेच आहे. कितीही अनुभवी माणूस असो, घाईत तो एक गोष्ट विसरतो: एमसीसीबी बंद केला तरी त्याची वरची, येणाऱ्या बाजूची टर्मिनले जिवंतच असतात. दांडी खाली आहे म्हणजे ब्रेकर मेला, असे नाही. टर्मिनल घट्ट करायचे, लग बदलायचा किंवा ब्रेकर काढायचा तर त्याच्या मागचा ब्रेकर किंवा मेन बंद झाला पाहिजे. मेनच्याही मागे जायचे असेल तर वितरण कंपनीकडून रीतसर लाइन बंद करून घ्यावी लागते, परमिट घेऊन. फोनवर ‘बंद केली आहे’ असे ऐकून काम सुरू करायचे नाही.

बंद केल्यावर कुलूप. काम करणाऱ्याचे स्वतःचे कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. दोघे काम करत असतील तर दोन कुलपे. सोबत टॅग. आपल्या घरात मराठी असली तरी कारखान्यात बोलणे हिंदीत किंवा माळवीत चालते, म्हणून टॅग हिंदीत लिहा: ‘आदमी काम कर रहा है, चालू न करें’, खाली नाव आणि वेळ. रात्रपाळीच्या नव्या पोराला तो एका नजरेत वाचता आला पाहिजे.

मग दुसऱ्या वाटेने वीज कुठून येऊ शकते ते शोधा. जनरेटर, छपरावरचे सोलर, शेजारच्या पॅनेलमधून आलेली कंट्रोल सप्लाय. पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर आणि व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, बंद केल्यावरही भारलेले राहतात. किमान पाच मिनिटे थांबा, कंपनीने जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढा थांबा, आणि त्यानंतरही मोजल्याशिवाय हात लावू नका.

मोजायचे ते पेचकसाच्या टेस्टरने नाही. त्यातला निऑन पेटला नाही याची कारणे अनेक असतात, कोरडी चप्पलही त्यातलेच एक. दोन टोकांचा टेस्टर किंवा औद्योगिक वापराचा मल्टिमीटर घ्या. तो आधी चालू असलेल्या जागी तपासा, मग काम करायच्या जागी फेज-फेज, फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ असे सगळे मोजा, आणि शेवटी पुन्हा चालू जागी नेऊन मीटर अजून चांगला आहे ना, ते पाहा. या तिसऱ्या पायरीला मिनिटही लागत नाही आणि तीच सर्वांत जास्त वगळली जाते.

कपड्यांबद्दल मालकांना कळकळीने सांगतो. पॅनेलमध्ये आर्क उठला तर त्याचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही कित्येक पट जास्त होऊ शकते. पॉलिएस्टरचा शर्ट त्या झोतात वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चेहऱ्यावर फेसशील्ड, व्होल्टेजच्या वर्गाचे रबरी हातमोजे आणि पायाखाली मान्यताप्राप्त रबरी मॅट एवढे घ्याच. मोठ्या मेन पॅनेलवर काम असेल तर आर्कसाठी बनवलेला पोशाखच हवा. ब्रेकर चालू-बंद करताना समोर उभे राहू नका, बाजूला राहा, तोंड वळवा आणि दार लावलेले असू द्या. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी आधी काढून ठेवा.

आता देखभाल. पोहा मिलमध्ये शत्रू भुशाची धूळ. ती पॅनेलच्या तळाशी, बसबारवर आणि ब्रेकरच्या आर्क बाहेर पडायच्या झरोक्यांत बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि फेज-फेजमध्ये वाट करते. कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवू नका. हवा धूळ ब्रेकरच्या आत ढकलते, आणि कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेलही असते. बंद आणि तपासलेल्या पॅनेलमध्ये व्हॅक्यूम क्लीनर आणि कोरडे सुती कापड वापरा. केबल आत येणारे प्रत्येक छिद्र ग्लँड घालून बुजवा. पाल आणि उंदीर तिथूनच येतात, आणि बसबारवरची एक पाल अख्खा मेन पाडू शकते.

टर्मिनल घट्ट करताना पान्यावर लटकू नका. किती न्यूटन-मीटर ते ब्रेकरवर किंवा पत्रकात दिलेले असते. टॉर्क रेंच घ्या, बसवल्यावर बोल्ट आणि लगवर रंगाची एक आडवी रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला हे लगेच कळते. अॅल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारला जोडायची तर द्विधातूचा लग वापरा आणि तो योग्य मापाच्या क्रिंपिंग टूलनेच दाबा. हातोड्याने दाबलेला लग दिसला तर तो त्याच दिवशी बदला.

एमसीसीबीची पेटी उघडू नका. ती कारखान्यात बंद केलेली असते. आतले संपर्क घासणे, तेल सोडणे, स्प्रिंग ‘सैल’ करणे, यातले काहीही केलेला ब्रेकर पुढच्या शॉर्टसर्किटला काय करील हे कुणी सांगू शकत नाही. त्याच्यासाठी करायचे ते बाहेरूनच. वर्षातून दोनदा, भार काढून, तो चालू-बंद करा आणि चाचणीचे लहान बटण दाबून ट्रिप करून पाहा. वर्षानुवर्षे चालूच राहिलेली यंत्रणा अवघडते. ट्रिप झाल्यावर दांडी मध्येच थांबते. ती आधी पूर्ण खाली नेऊनच वर करायची असते. दांडी हाताने दाबून धरली तरी ब्रेकर आतून सुटतोच, म्हणून तशी धरण्यात काही अर्थ नाही. शॉर्टसर्किटवर पडला असेल तर कारण सापडून फीडर मेगर केल्याशिवाय, म्हणजे त्याचे इन्सुलेशन मोजल्याशिवाय, पुन्हा चालू करू नका. ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली असेल तर चालू करायचाच नाही, आणि चांगल्या कोरड्या फीडरला आकडा त्याहून कितीतरी जास्त येतो. मेगर लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक रिले, मीटर आणि सर्ज संरक्षणाची साधने सोडवून ठेवा.

मेन पॅनेलचा एअर सर्किट ब्रेकर, म्हणजे एसीबी, वेगळ्या वागणुकीचा आहे. त्यात ताणलेली स्प्रिंग असते आणि ती बोटे चिरडू शकते. आधी स्प्रिंगच्या मोटरची कंट्रोल सप्लाय काढा. मग ब्रेकर बंद करून आयसोलेटेड जागेपर्यंत ओढा, तिथे बंद, चालू, बंद अशी बटणे दाबून स्प्रिंग मोकळी करा आणि दर्शकावर ‘डिस्चार्ज्ड’ वाचा. ब्रेकर बाहेर आला तरी मागची बसबार जिवंत असते, शटरच्या आत हात नको. संपर्क पॉलिश कागदाने घासू नका, चांदीचा थर जातो. कापड आणि कंपनीने सांगितलेला क्लीनर पुरे. जुने सुकलेले ग्रीस काढून कंपनीचेच ग्रीस लावा, कारण सुकलेल्या ग्रीसमुळे ब्रेकर उशिरा उघडतो. वर्षाला एकदा चाचणी करणारी संस्था बोलावून रिलेची सेकंडरी इंजेक्शन चाचणी करून घ्या आणि तिन्ही पोलांचा संपर्क-रोध मायक्रोओहममध्ये मोजून घ्या. सर्वांत कमी असलेल्या पोलापेक्षा दुसरा निम्म्याने जास्त आला तर शोध घ्यायचा. ११ केव्हीच्या व्हॅक्यूम ब्रेकरला कारखान्याच्या माणसाने हात लावू नये, ते काम त्या व्होल्टेजची परवानगी असलेल्या ठेकेदाराचे.

एसीबीवरच्या डायलांत वेळही असतो. ५०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ४३३ व्होल्टवर पूर्ण करंट ६६७ अँपियर. ८०० च्या एसीबीवर ०.८ म्हणजे ६४०. शॉर्टटाइमला ०.२ सेकंदाचा उशीर ठेवला की एका चक्कीत शॉर्ट झाला तर तिचाच फीडर पडतो आणि बाकी कारखाना चालू राहतो. ‘सुरक्षित असू दे’ म्हणून तो उशीर शून्य केला की प्रत्येक लहान दोषाला पूर्ण कारखाना अंधारात. उगाच वाढवला तर आर्क तेवढा वेळ जळत राहतो. हे आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. म्हणून ते एका डिझायनरने बसून ठरवावेत, पॅनेलसमोर उभे राहून नव्हे.

एवढे करूनही एक गोष्ट ब्रेकरच्या हातात नाही, ती म्हणजे अर्थिंग. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि अर्थपिट कोरडा पडतो. समजा पिटचा रोध ४ ओहम, ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा १ ओहम, आणि दोघांना जोडणारी धातूची पट्टी कुठेतरी तुटलेली. फेज मशीनच्या अंगाला लागली तर २४० भागिले ५, म्हणजे ४८ अँपियरच वाहतील. ६३ चा ब्रेकर पडणार नाही आणि मशीनच्या अंगावर १९२ व्होल्ट तसेच उभे राहतील. उन्हाळ्यात पिटला पाणी घाला, मे महिन्यातच रोध मोजा, प्रत्येक मशीनपासून न्यूट्रलच्या अर्थपर्यंत पट्टी सलग आहे ना ते तपासा, आणि फीडरला अर्थ लीकेज रिले बसवा. वर्षभरात एकच खर्च करता येणार असेल तर मी हा अर्थिंगचाच करायला सांगेन.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येक ब्रेकरचे कार्ड लावा: केबलचे माप, मोटरचा करंट, प्रत्येक डायलची जागा, कुणी ठरवली, तारीख. डायलच्या पारदर्शक झाकणाला सील लावा. काम संपून भार आल्यावर तासाभराने थर्मल कॅमेऱ्याने तिन्ही टर्मिनले पाहा. सारखाच भार असताना एक फेज दुसरीपेक्षा १५ अंशांनी जास्त तापलेली दिसली तर त्या पाळीतच बंद करून दुरुस्त करा. शॉकवर उपचाराचा तक्ता पॅनेलजवळ हवा, आणि निदान दोघांना छाती दाबायची रीत करून दाखवलेली हवी: मिनिटाला १०० ते १२०, पाच सेंटिमीटर खोल, आधी वीज बंद, लगोलग १०८.

शेवटी, दारात घडणारा एक बदल ध्यानात ठेवा. उज्जैन वाढते आहे, २०२८ च्या सिंहस्थाची कामे चालू आहेत, आणि तुमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर कधी मोठा होईल ते तुम्हाला कुणी येऊन सांगेलच असे नाही. ४.५ टक्के इंपीडन्स धरला तर ३१५ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी शॉर्टसर्किटचा करंट साधारण ९ किलोअँपियर असतो, ५०० केव्हीएच्या तोंडाशी १५. तुमच्या मेनमध्ये १० किलोअँपियर तोडण्याच्या क्षमतेचे ब्रेकर असतील तर ते कालपर्यंत पुरत होते, आज पुरत नाहीत, आणि डायल कुठेही नेला तरी ही क्षमता वाढत नाही. खांबावर नवा ट्रान्सफॉर्मर दिसला की वितरण कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याचा केव्हीए आणि इंपीडन्स विचारा, आणि तो आकडा घेऊन आपल्या ठेकेदाराकडून मेन पॅनेलमधल्या प्रत्येक ब्रेकरची क्षमता ताडून घ्या.